अळवाचं पान आणि नववीचा वर्ग

'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकतो, समोर 'क्षणभंगुर' असा अर्थ लिहितो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. पानावरून घरंगळणारा तो थेंब मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आणि त्यात आयुष्याचं नश्वरपण ओळखलं. भाषेचं लक्ष थेंबाकडे गेलं, पान मात्र मागे राहिलं. ते भिजत का नाही, हा प्रश्न परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, मोठमोठी पानं हलवत वर्षानुवर्षं उभा होता.

हे पुस्तक आठवी ते दहावीच्या मुलांसोबत अशा प्रश्नांवर काम करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. निसर्गात एखादं काम कसं होतं हे पाहायचं, त्यामागचं कारण शोधायचं आणि ते कारण वापरून स्वतःच्या हातांनी काहीतरी घडवायचं. इंग्रजीत याला बायोमिमिक्री म्हणतात. जनीन बेन्यूस यांच्या १९९७ सालच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वदूर पोचला. मराठीत कुणी जैवअनुकरण म्हणतं, कुणी निसर्गप्रेरित रचना. मला दुसरा शब्द बरा वाटतो, कारण 'अनुकरण' म्हटलं की मुलं लगेच नक्कल करायला बसतात. नकलेचा अनुभव मी घेतला आहे, तो आधी सांगतो.

पहिल्या वर्षी मी वर्गात चित्रं दाखवली होती. जपानची बुलेट ट्रेन आणि खंड्याची चोच, पालीचा पाय आणि चिकटपट्टी, मधमाश्यांचं पोळं आणि विमानातले हलके पत्रे. मुलं थक्क झाली, मीही खूश झालो. पुढच्या आठवड्यात त्यांना स्वतःचं काहीतरी करून आणायला सांगितलं, तेव्हा तीन गटांनी थर्माकोलच्या आगगाड्या आणल्या. तिन्ही गाड्यांना निळी-केशरी चोच होती. चोच कशासाठी, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, जपानने लावलीय." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी उत्तर दाखवलं होतं, प्रश्न दाखवला नव्हता.

म्हणून दुसऱ्या वर्षी प्रश्नापासून सुरुवात केली. जपानच्या सान्यो शिनकानसेन मार्गावर बोगदे फार आहेत. वेगात आलेली गाडी अरुंद बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाते, तो दाब लाटेसारखा गाडीच्या पुढे धावतो आणि दुसऱ्या तोंडातून तोफेसारखा आवाज काढत बाहेर पडतो. बोगद्याजवळच्या वस्त्यांना त्याचा त्रास. गाडीचा वेग वाढवायचा, पण आवाज वाढू द्यायचा नाही, हे अभियंत्यांपुढचं कोडं होतं. त्यांच्यातले एजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते. मोकळ्या हवेतून एकदम दाट पाण्यात सूर मारताना खंड्या फारसं पाणी उडवत नाही, हे त्यांना माहीत होतं. गाडीचंही तेच होतं, मोकळ्या हवेतून एकदम कोंडलेल्या हवेत. पण त्यांनी चोच नुसती आवडली म्हणून लावली नाही. वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या नळीत सोडून दाबाच्या लाटा मोजण्यात आल्या आणि चोचीच्या जवळ जाणारा आकार सरस ठरला. १९९७ साली ५०० मालिकेची गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागली, तेव्हा तिचं नाक १५ मीटर लांब होतं. छतावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या दांड्याचा आवाज कमी करताना घुबडाच्या पिसांचा अभ्यास कामी आला. आपल्याकडे घुबड दिसलं की लोक तोंड फिरवतात. वर्गात हे सांगितलं की काही मुलं संध्याकाळी मुद्दाम वडाखाली जाऊन थांबतात, हा माझा अनुभव आहे.

ही गोष्ट मुलांना सांगितली, पण चोचीवर येऊन थांबलो. मग मेणबत्त्या वितळवल्या. प्रत्येक गटाने एका वजनाचं मेण घेऊन त्यात एक बोल्ट बसवला आणि हवा तो आकार दिला: चेंडू, चपटी टोपी, शंकू, लांब निमुळती चोच. तुकडे एकाच उंचीवरून पाण्याच्या बादलीत सोडायचे आणि मागे लावलेल्या काळ्या कागदावर शिंतोडे कुठवर उडाले ते खडूने आखायचं. दिवसभर वर्गात पाणीच पाणी. चपट्या तुकड्याने कागदाचा वरचा काठ गाठला, निमुळता गुपचूप आत गेला. एका गटाची चोच इतकी लांब होती की ती वाटेतच कलंडून आडवी पडली आणि सगळ्यांत मोठा छपाका त्यांचाच झाला. मग लांबी किती असावी, वजन टोकाशी हवं की मागे, यावर जी भांडणं झाली त्यांत मी तोंड घातलं नाही. घंटा झाल्यावरही ती चालूच होती. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा अभियांत्रिकी शिरली.

अळवाचं पान मी त्यानंतर आणलं, आणि आता दरवर्षी सुरुवात त्यानेच करतो. त्याला खर्च नाही. एक पान, एक स्टीलचं ताट, तांब्याभर पाणी आणि फळ्याखाली साचलेली खडूची पूड, एवढंच लागतं. पानावर आणि ताटावर पूड भुरभुरायची आणि दोन्ही थोडं तिरकं धरून वरून थेंब सोडायचा. ताटावर पाणी पसरतं आणि पांढरे ओघळ मागे ठेवतं. पानावर थेंब गोळीसारखा गोल राहतो, पूड अंगावर घेत खाली धावतो आणि मागे हिरवी स्वच्छ वाट उरते. ताट गुळगुळीत, पान खरखरीत, आणि स्वच्छ राहतं ते पान. इथे वर्ग गप्प होतो, कारण घासूनपुसून गुळगुळीत केलेलं तेच स्वच्छ, हे आपण घरात लहानपणापासून शिकलेलो असतो.

शास्त्रज्ञांनाही हा धक्का बसला होता. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट १९७०च्या दशकात पानांचे पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. नमुने आधी धुऊन घ्यावे लागत, पण काही जातींची पानं धुवावीच लागत नसत, आणि नेमकी तीच सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत दिसत. कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण. थेंब या टोकांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते, आणि धुळीला पानापेक्षा पाणी जवळचं वाटतं. बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांचा कमळावरचा शोधनिबंध १९९७ साली आला आणि १९९९ साली पावसाने धुतला जाणारा भिंतींचा रंग बाजारात आला. अळवाचं कामही याच रीतीने चालतं. पान पाण्यात बुडवून तिरकं पाहिलं तर ते चांदीसारखं चमकतं. ती अडकलेल्या हवेची चमक. बोटाने जोरात चोळलं की मेण निघतं आणि चोळलेल्या जागी थेंब चिकटून बसतो. पाण्यात साबण टाकला की जादूच संपते. हे तिन्ही प्रयोग मुलं न सांगता करतात. (चीक लागला की हाताला खाज सुटते, म्हणून पान कापायचं काम शिक्षकाने करावं आणि शेवटी सगळ्यांनी हात धुवावेत.)

एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "आमची आजी वडीचं पीठ पानाच्या पाठीला लावते. वरच्या बाजूला टिकत नसेल म्हणून असेल का?" दुसरी म्हणाली, "छे, पाठीला शिरा असतात, त्या लाटण्याने दाबायच्या असतात म्हणून." दोन्ही म्हणणी तपासून पाहता येतात. दुसऱ्या दिवशी डब्यातून भिजवलेलं बेसन आलं, आणि पोळपाटही आला. उत्तर काय निघालं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रत्येक वर्गाने आपापलं काढावं. पण त्या आजी त्या दिवसापासून आमच्या वर्गाच्या सल्लागार झाल्या. घरातलं शहाणपण शाळेच्या उंबऱ्याबाहेर थांबवायची आपल्याला सवय आहे. या कामात ते आपोआप आत येतं, आणि याचा मला फार आनंद आहे.

तेरा ते सोळा हेच वय का, असं पालक विचारतात. चौथीतलं मूल याहून जास्त प्रश्न विचारतं, हे खरं आहे. पण आठवी-नववीत हात पक्के झालेले असतात, मोजमाप घेता येतं, आलेख काढता येतो आणि 'असं केलं तर काय होईल' याची कल्पना करता येते. त्याच वयात एक वाईट गोष्टही होते. चुकण्याची लाज वाटू लागते. दहावीच्या वर्गात प्रश्न विचारला की अनेक हात गाइडात शिरतात. मेणाची चोच पाण्यात आडवी पडली की लाजायला वेळच नसतो, ती का पडली हे पाहण्यातच सगळे गुंतलेले असतात. म्हणून हे काम याच वयात व्हावं, असं मला कळकळीने वाटतं.

सुगरणीच्या खोप्यावर या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे. बहिणाबाईंनी त्यावर कविता लिहिली आणि ती घराघरांत पोचली. पक्ष्याचं नाव स्त्रीलिंगी असलं तरी विणकाम करतो तो नर. १९३० साली सलीम अली बेकारीच्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले होते. तिथे त्यांनी या पक्ष्यांच्या वसाहतीचं बारकाईने निरीक्षण केलं आणि दुसऱ्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. नर अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन तो पारखते, तिला पसंत पडला तरच पुढचं काम होतं, आणि तिचं बस्तान बसलं की नर दुसरा खोपा विणायला घेतो. हे कळायला महागडं यंत्र लागलं नाही. माणूस रोज एकाच जागी जाऊन बसला आणि पाहत राहिला.

मुलांना आम्ही हंगाम संपल्यावर खाली पडलेले खोपेच आणायला सांगतो. झाडावरच्या खोप्याला हात लावायचा नाही, यात सूट नाही. एक खोपा उसवायचा आणि गाठी कुठे, नुसती वीण कुठे, पात्याची टोकं कुठे अडकवली आहेत, हे वहीत काढायचं. मग ओल्या गवताच्या पट्ट्या घेऊन एका चिमट्याने फांदीवर पहिला फेरा बांधायचा. दुसरा हात पाठीमागे. पंधरा मिनिटांत सगळे घामाघूम होतात. हळूहळू लक्षात येतं की पाती हिरवी असतानाच वळते आणि वाळल्यावर आवळून घट्ट बसते. म्हणजे वेळ हासुद्धा या बांधकामाचा भाग आहे. कोवळे नरही सुरुवातीला बेढब खोपे विणतात आणि सरावाने सुधारतात. हे ऐकून वर्गातल्या मुलांचे चेहरे जे सैलावतात, ते पाहण्यासाठी मी दरवर्षी ही गोष्ट राखून ठेवतो.

आता एका वाक्याबद्दल बोललं पाहिजे. 'निसर्ग हा सर्वश्रेष्ठ अभियंता आहे' हे वाक्य भित्तिपत्रकांवर छान दिसतं. वर्गात मी ते वापरत नाही आणि वाचकांनीही वापरू नये अशी विनंती आहे. जिराफाच्या मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणारा एक मज्जातंतू मान उतरून छातीपर्यंत जातो, हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. जे अंतर वीतभर, त्यासाठी काही मीटरचा प्रवास. कुठलाही वायरमन अशी तार ओढणार नाही. उत्क्रांतीला पाटी कोरी करून नव्याने मांडणी करता येत नाही, हाताशी असलेल्या शरीरातच डागडुजी करत पुढे जावं लागतं. त्यामुळे निसर्गातली प्रत्येक रचना एक तडजोड असते: अमुक परिस्थितीत, अमुक खर्चात, जगण्यापुरतं चाललेलं उत्तर. आपली परिस्थिती निराळी असेल, तर ते उत्तर आपल्याला लागू पडेलच असं नाही.

हे सर्वांत चांगलं कळतं ते बियांमधून. शेवग्याच्या बीला तीन पातळ पंख असतात, माधवीलतेची बी भिरभिरत खाली येते, रुईची म्हातारी तर वाऱ्याबरोबर गाव सोडून जाते. मुलं कागदाची भिरभिरी करतात आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीतून सोडून वेळ मोजतात. मग कुणीतरी म्हणतं, चौपट मोठी करू, म्हणजे चौपट वेळ तरंगेल. मोठा कागद लवतो, भिरभिरी फिरतच नाही. म्हणून पुठ्ठा घेतला, तर ती धाडकन खाली. लांबी दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि जाडीही दुप्पट केली तर वजन आठपट. गॅलिलिओने १६३८ सालच्या पुस्तकात हाडांच्या जाडीबद्दल हाच विचार मांडला होता. पाठ्यपुस्तकातला वर्ग आणि घन यांतला फरक इतक्या आवाजासकट खाली पडताना पाहिला की तो विसरला जात नाही. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते म्हणून माणसाएवढी मुंगी ट्रक उचलेल, असं नंतर वर्गात कुणी म्हणत नाही.

वारुळाची गोष्ट आणखी पुढे नेते. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे १९९६ साली ईस्टगेट सेंटर ही मोठी इमारत उभी राहिली. वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळापासून प्रेरणा घेतली. रात्रीची गार हवा जाड भिंती-छतांत गारवा साठवते, दिवसा तापलेली हवा धुराड्यांतून वर निघून जाते, आणि नेहमीच्या वातानुकूलनाविना इमारत सुसह्य राहते. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी वारुळांचा बारकाईने अभ्यास केला आणि २००८ साली मांडलं की वारूळ असं चालतच नाही. त्याचं मुख्य काम गारवा राखणं हे नाही. बदलत्या वाऱ्याच्या झुळकांवर ते फुप्फुसासारखं आतल्या-बाहेरच्या वायूंची देवघेव करतं. म्हणजे निसर्गाचं वाचन चुकलं होतं, आणि इमारत तरीही नीट चालते. ही गोष्ट वगळावी, मुलांचा गोंधळ होतो, असं मला काहींनी सुचवलं. मी ती ठेवली आहे. चुकलेल्या समजुतीतूनही चालणारी वस्तू निघते आणि तिच्यामुळे मूळ समजूत पुन्हा तपासली जाते, हे चौदाव्या वर्षी ज्याला कळलं, त्याचा विज्ञानाशी स्नेह टिकतो.

वेल्क्रोची कथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ साली कुत्र्याच्या केसांत अडकलेली बोंडं भिंगाखाली पाहिली आणि पेटंट मिळालं ते १९५५ साली. आकडे दिसायला काही क्षण लागले, नायलॉनमध्ये तसे आकडे तयार करायला वर्षं. आमच्याकडे हे काम गोखरूच्या बोंडांवर होतं, आणि शेजारी आघाडा ठेवतो. दोन्ही कपड्यांना चिकटतात, पण भिंगाखाली गोखरूला वाकडे आकडे दिसतात आणि आघाड्याला टोकदार, मागे वळलेले काटे. एकच काम, दोन युक्त्या. कुठली सोडवायला सोपी, कुठली पुन्हा वापरता येईल, इथून चर्चा आपोआप दप्तराच्या बंदापर्यंत पोचते.

हाताने शिकण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची मांडणी झाली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि खऱ्या कामातून तंत्र शिकवण्याचा त्यांचा अभ्यासक्रम गावोगावच्या शाळांत गेला. वेल्डिंग, माती परीक्षण, बांधकाम शिकलेली ती मुलं गावाच्या गरजेपासून सुरुवात करायची. या पुस्तकातली मुलंही गरजेपासूनच सुरुवात करतात: गळणारं छप्पर, तापणारा वर्ग, पाठीला टोचणारं दप्तर. फक्त उत्तर शोधायला आधी बांधावर जातात. माझ्या मते हे त्याच वाटेचं पुढचं वळण आहे, आणि कलबागांचं ऋण इथे मनापासून नोंदवतो.

वापराबद्दल एवढंच. प्रत्येक प्रकरणात पाहणं आधी आहे, घडवणं नंतर. किमान एक आठवडा वहीत फक्त पाहिलेलं लिहायचं, काही बनवायचं नाही. हा आठवडा शिक्षकाला जड जातो, मुलांना तितका नाही. साहित्य घरात आणि गावात मिळणारं आहे. दहा रुपयांचं भिंग चालतं.

प्रकरणांचा क्रम विषयांप्रमाणे लावलेला नाही, ऋतूंप्रमाणे लावला आहे. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर अळू तरारतं, म्हणून ते पहिलं. श्रावण-भाद्रपदात विहिरीवर झुकलेल्या बाभळी आणि शिंदींवर खोपे लटकतात, तेव्हा लांबून पाहायचं, उसवायचं दिवाळीनंतर. मोजे कुसळांनी भरू लागले की आघाडा आणि गोखरू. थंडीत तळ्याकाठी खंड्या, उन्हं चढू लागली की वारूळ. बियांच्या बाबतीत अडचण येते ती सावरीची. तिची बोंडं एप्रिलमध्ये फुटतात आणि कापूस अंगणभर उडतो, तेव्हा शाळेत परीक्षा चालू असते. उपाय सोपा आहे: फुटायच्या बेतात असलेली चार-पाच बोंडं तोडून झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि डब्यावर तारीख लिहावी. जूनमध्ये नवा वर्ग येतो. पंखा बंद करून डबा उघडायचा.